लेखणीचे कष्ट आणि लेखणीचें सुख

लेखक म्हणजे मोठा सुखी प्राणी, अशी पुष्कळांची समजूत असते. सावलींत बसावें, कागद पुढें ओढावा, मनांत येईल तें लिहावें आणि लोकांची वाहवा मिळवावी, याहून सोपा व्यवसाय तो कोणता, असें त्यांस वाटतें. याच्या उलट दुसरा एक पक्ष आहे. त्याच्या मतें लेखक म्हणजे कायमचा दरिद्री. लेखणीनें कोणाचें पोट भरलें नाहीं आणि भरणारहि नाहीं. सबब मुलांनीं त्या वाटेस न जाणेंच बरें. हीं दोन्ही मतें आम्हांस अपुरीं वाटतात. लेखनांत कष्ट आहेत आणि सुखहि आहे. परंतु हीं दोन निरनिराळ्या वाटांवर नसून एकाच वाटेवर आहेत. इतकेंच नव्हे, तर त्यांतील सुख हें कष्टांच्या पोटींच जन्मास येतें, असें आमचें मत आहे. हें मत शाळेच्या वार्षिक अंकांत मांडण्याचें कारण असें कीं, आज मुलांना लेखनाच्या कष्टांपासून वांचविण्याची मोठी धडपड चालली आहे, आणि त्या धडपडींत त्यांचें सुखहि त्यांच्यापासून हिरावून घेतलें जात आहे.

प्रथम कष्टांचा विचार करूं. विचार मनांत असतो तोंवर मोठा देखणा दिसतो. कागदावर उतरला कीं तो लंगडूं लागतो. जें आपणांस पूर्णपणें समजलें आहे असें वाटत होतें, तें अर्धेंच समजलें होतें, हें पहिल्या चार ओळींतच कळून येतें. मग शब्दांचा शोध सुरू होतो. एका शब्दांत अर्थ कमी पडतो, दुसऱ्यांत अधिक होतो, तिसरा कानाला गोड लागतो पण खरा नसतो. अशा गोड परंतु खोट्या शब्दाचा मोह टाळणें ही लेखकाची पहिली परीक्षा होय. दुसरी परीक्षा याहून कठीण असते. लिहिलेलें दुसऱ्या दिवशीं मोठ्यानें वाचून पाहावें, म्हणजे जें वाक्य आपणांस सर्वांत आवडलें होतें, तेंच विषयाला सोडून आहे असें पुष्कळदां आढळतें. आणि तें स्वतःच्या हातानें खोडावें लागतें.

इतकें झाल्यावर लेख संपादकाकडे जातो, आणि कित्येकदां ‘साभार परत’ या दोन शब्दांसह घरीं येतो. स्वीकारला गेला तर मुद्रितें तपासण्याचें काम उभें राहतें. तेथें एक वेलांटी चुकली कीं ‘दीन’ मनुष्याचा ‘दिन’ होतो आणि सबंध वाक्याचा विचका होतो. हें सर्व पार पडून पुस्तक बाहेर पडलें, तरी तें वाचकांपर्यंत पोंचेलच अशी हमी कोणी देत नाहीं. केशवसुतांनीं मराठी कवितेला नवें वळण लावलें, ही गोष्ट आज प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. परंतु शाळामास्तराची नोकरी करीत करीत १९०५ सालीं हुबळी येथें त्यांचा अंत झाला, तेव्हां त्यांच्या नांवावर कवितांचें एकहि पुस्तक छापलेलें नव्हतें.

द्रव्याची गोष्टहि अशीच आहे. इंग्रजीचा महाकवि मिल्टन यानें दोन्ही डोळ्यांची दृष्टि गेल्यावर ‘पॅरॅडाइज लॉस्ट’ हें महाकाव्य दुसऱ्यांच्या हातून लिहवून घेतलें. १६६७ सालीं तें प्रसिद्ध करतांना प्रकाशकानें त्यास पांच पौंड दिले, आणि पहिली आवृत्ति खपल्यावर आणखी पांच पौंड देण्याचा करार केला. आपल्याकडे हरिभाऊ आपटे हे मराठी कादंबरीचे धुरीण. परंतु त्यांचा योगक्षेम पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेच्या व्यवस्थेवर चाले, कादंबऱ्यांवर नव्हे. तें काम सांभाळून त्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें, आणि पाव शतकाहून अधिक काळ तें चालविलें. घरांत दुखणें असो वा मनाला स्वस्थता नसो, ठरल्या वारीं मजकूर छापखान्यांत गेलाच पाहिजे, अशी ती चाकरी होती. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी याच पत्रांतून प्रकरणाप्रकरणानें वाचकांच्या हातीं पडली.

कष्टांचें याहून मोठें उदाहरण हवें असेल तर टॉमस कार्लाइलचें घ्यावें. फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाचा पहिला भाग लिहून झाल्यावर त्यानें तें हस्तलिखित आपला मित्र जॉन स्टुअर्ट मिल यास वाचावयास दिलें. १८३५ सालीं तें तेथें जळून गेलें. मोलकरणीनें रद्दी समजून तें चुलींत घातलें असें सांगतात. दुसरी प्रत नव्हती. कार्लाइल कांहीं काळ सुन्न होऊन बसला. परंतु पुढें त्यानें तोच भाग पहिल्या अक्षरापासून पुन्हां लिहून काढला, आणि १८३७ सालीं संपूर्ण ग्रंथ जगापुढें ठेवला.

मग हीं माणसें लिहीत तरी कां राहिलीं? कीर्ति दूर, द्रव्य त्याहून दूर, आणि कष्ट मात्र रोजचे. असें असतां त्यांनीं लेखणी खालीं ठेवली नाहीं, याचें कारण काय? आमच्या मतें कारण एकच. जें आपण पाहिलें, सोसलें आणि जाणलें, तें दुसऱ्याच्या अंतःकरणांत जसेंच्या तसें उतरविण्यांत एक आनंद आहे, आणि त्याच्या तोडीचे आनंद या जगांत फार थोडे आहेत.

या आनंदाची साक्ष द्यावयास आम्ही कोणा पंडिताला बोलावीत नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांना बोलावितों. १८६८ सालीं त्यांचा जन्म झाला. बालपण नाशिकजवळच्या जलालपूर गांवीं, कडक सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत गेलें. त्या काळच्या इतर मुलींप्रमाणें शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नाहीं, आणि अकराव्या वर्षींच नारायण वामन टिळकांशीं त्यांचें लग्न झालें. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. पति कवि, उदार, लहरी. हातीं आलेला पैसा घरीं येईपर्यंत टिकेल याचा नेम नाहीं. १८९५ सालीं टिळकांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हां पति एकीकडे आणि सारें माहेर-सासर दुसरीकडे, अशी त्यांची कोंडी झाली. कांहीं वर्षें दोघें एकमेकांपासून दूर राहिलीं. पुढें लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतःच्या विचारानें तोच मार्ग पत्करिला.

या बाईंनीं मुलाच्या आग्रहावरून आपल्या आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रें’ या नांवानें त्या १९३४ सालापासून भागांनीं प्रसिद्ध होऊं लागल्या. १९३६ सालीं लक्ष्मीबाई वारल्या. आज मराठींतील उत्तम आत्मचरित्रांची नांवें घेतांना हें पुस्तक कोणी विसरत नाहीं. या पुस्तकांत अलंकारांची आरास नाहीं. जसें स्वयंपाकघरांत किंवा ओसरीवर बसून बोलावें, तशी त्याची भाषा आहे. दारिद्र्य, वियोग, देवीप्लेगांच्या सांथी, वडिलांचें सोंवळें, पतीचा राग आणि पतीचें प्रेम, सारें त्यांत आहे. आणि सर्वांवर एक मंद हास्य पसरलेलें आहे. ज्या गोष्टींनीं एखादी बाई जन्मभर रडली असती, त्याच गोष्टी सांगतांना त्या वाचकाला हंसवितात, आणि हंसतां हंसतां वाचकाचे डोळे भरून येतात. सोसलेल्या दुःखाचें असें रूपांतर करण्याची शक्ति लेखनांत आहे. दुःख सोसतांना मनुष्य त्याच्या ताब्यांत असतो. तें खरेपणानें लिहितांना दुःख मनुष्याच्या ताब्यांत येतें. हें लेखणीचें पहिलें सुख होय.

दुसरें सुख असें कीं, लेखनानें गेलेलीं माणसें राहतात. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत ‘श्यामची आई’ लिहिली. तुरुंगांत ग्रंथसंग्रह नव्हता, सोयी नव्हत्या. होत्या त्या फक्त आईच्या आठवणी. कोंकणांतील एक गरीब, कर्जानें गांजलेली, लवकर मृत्यु पावलेली माता. तिच्यासारख्या किती माता आल्या आणि गेल्या, त्यांचीं नांवेंहि उरलीं नाहींत. परंतु ही एक माता मराठी बोलणाऱ्या घराघरांत आजहि वावरत आहे, कारण तिच्या मुलानें तिला शब्दांत जपून ठेविलें. राजवाडे पडतात, संपत्ति वांटली जाते. पण खरेपणानें लिहिलेलीं चार पानें असा ठेवा पुढच्या पिढीच्या स्वाधीन करूं शकतात.

येथें एक गोष्ट वाचकांच्या लक्षांत आली असेल. वरील दोन्ही पुस्तकांत उसनें असें कांहीं नाहीं. लक्ष्मीबाईंनीं आपलेंच घर सांगितलें, गुरुजींनीं आपलीच आई सांगितली. आतां आपल्या शाळांतील लेखनाकडे वळून पाहूं.

परीक्षेंत ‘पावसाळ्यांतील एक दिवस’ हा विषय आला म्हणजे काय होतें? काळेकुट्ट मेघ जमतात, वीज चमकते, बळीराजा सुखावतो आणि मोर पिसारा फुलवून थुईथुई नाचूं लागतो. चाळीस मुलांच्या वर्गांत चाळीस मोर नाचतात. आणि त्या चाळिसांतील कितीजणांनीं पावसांत नाचणारा मोर पाहिलेला असतो? त्यांनीं पाहिलेलें असतें तें निराळेंच. खिडकींतून वर्गांत येणारी झड, दाराशीं पडलेला ओल्या छत्र्यांचा ढीग, भिजलेल्या दप्तराचा वास, वहींत पसरलेली शाई, ओढ्याला पूर आल्यामुळें गैरहजर राहिलेला शेजारचा सोबती, आणि पेरणीनंतर पावसानें ओढ दिल्यामुळें रात्रीं न जेवतां निजलेला बाप. हें सारें मुलाजवळ असतें. परंतु निबंधांत तें येत नाहीं, कारण गुण मोराला मिळतात असें त्यास सांगितलेलें असतें.

पूर्वी हा मोर मार्गदर्शक पुस्तकांतून येत असे; आतां तो यंत्रांतून येतो. विषयाचें नांव घातलें कीं संगणक किंवा हातांतला मोबाइल क्षणार्धांत शुद्ध, गोंडस, चार परिच्छेदांचा निबंध पुढें ठेवितो. त्या निबंधांत चूक सांपडत नाहीं, आणि मूलहि सांपडत नाहीं. आम्ही यंत्राचा द्वेष करीत नाहीं. अडलेल्या शब्दाचा अर्थ पाहावा, एखादें साल तपासून घ्यावें, दूरच्या ग्रंथालयांतील पुस्तक घरबसल्या वाचावें. या कामीं त्याचा उपयोग करणें शहाणपणाचेंच आहे. परंतु तालमींत जाऊन आपल्याऐवजीं दुसऱ्याकडून जोर काढून घेतले, तर आपले दंड कसे भरणार? निबंध हा वहींत ठेवण्यासाठीं लिहावयाचा नसतो. तो लिहितां लिहितां लिहिणाऱ्याच्या मनाला जें वळण लागतें, त्यासाठीं लिहावयाचा असतो. वही तपासून झाली कीं रद्दींत जाते. वळण जन्मभर राहतें.

आतां कोणी म्हणेल कीं, पाठांतराची एवढी निंदा कां? आपले पूर्वज तर पाठांतरानेंच शिकले. या आक्षेपांत तथ्य आहे. उत्तम कविता, अभंग, स्तोत्रें मुलांनीं अवश्य मुखोद्गत करावींत. त्यांनीं भाषा समृद्ध होते आणि कानाला लय कळूं लागते. ज्याच्या कानांत थोरांची वाणी घुमत नाहीं, त्याच्या लेखणींतून फारसें कांहीं उतरत नाहीं. परंतु थोरांची कविता थोरांच्या नांवानें म्हणणें निराळें, आणि परक्याचा निबंध आपल्या नांवाखालीं उतरविणें निराळें. पहिलें धान्य पेरणें आहे. दुसरें शेजाऱ्याच्या खळ्यांतील रास आपली म्हणून दाखविणें आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो, आणि तो अधिक कळकळीचा असतो. “आमच्या मुलाला कोठें लेखक व्हावयाचें आहे? त्यानें वैद्य व्हावें, अभियंता व्हावें, निदान चांगली नोकरी धरावी. निबंधांत चार गुण अधिक पडले तर तेवढीच मदत.” पालकांची ही चिंता आम्हांस समजते, घर चालविणाऱ्यास गुणांचें मोल कळतें. शाळेंतील बहुतेक मुलें पुढें लेखक होणार नाहींत, हेंहि आम्ही मान्य करितों. परंतु वैद्याला रोग्याची स्थिति नेमकी लिहावी लागते, अभियंत्याला पुलाचा दोष वरिष्ठांस पटवून द्यावा लागतो, शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा अर्ज करावा लागतो, आणि प्रत्येकाला केव्हां ना केव्हां परगांवीं असलेल्या आपल्या माणसाचें सांत्वन करावें लागतें. त्या वेळीं मोर उपयोगी पडत नाहीं. ज्यानें आपलें म्हणणें आपल्या शब्दांत मांडण्याचा सराव लहानपणीं केलेला नाहीं, त्याला दुसऱ्यांचे शब्द आपलेसे वाटूं लागतात. मग जो मोठ्यानें बोलेल त्याच्यामागें तो जातो. म्हणून ही गोष्ट केवळ गुणांची नाहीं, मुलाच्या स्वातंत्र्याची आहे.

यासाठीं पालकांस आमची नम्र विनंती आहे. मुलाचा निबंध आपण लिहून देऊं नका, आणि त्यानें लिहिलेल्या वेड्यावांकड्या ओळींस हंसूंहि नका. लिहून देण्यानें त्याचें बळ खुंटतें, हंसण्यानें त्याचें धैर्य खचतें. १९०७ सालीं जळगांव येथें कविसंमेलन भरलें, तेव्हां त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाचा एक सोळासतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणावयास उभा राहिला. वडीलधाऱ्यांनीं त्याला बाजूस सारिलें नाहीं. उलट ‘बालकवि’ ही पदवी देऊन त्याचा गौरव केला, आणि पुढें रेव्हरंड टिळकांनीं त्याला अहमदनगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें. त्या मुलाला उणें अठ्ठावीस वर्षांचें आयुष्य लाभलें. परंतु तेवढ्यांत त्यानें मराठी भाषेला जें निसर्गकाव्य दिलें, तें अजून ताजें आहे. प्रत्येक घरांत बालकवि जन्मत नाहीं, हें खरें. पण कोणत्या घरांत जन्मला आहे हें आधीं कोणास कळतें? सबब प्रत्येक मुलाची वही आदरानें उघडावी, हेंच योग्य.

आणि मुलांनो, तुम्हांस आम्ही इतकेंच सांगतों. लिहावयास बसलां आणि एकहि ओळ सुचेना, तर निराश होऊं नका. जे मोठे लेखक म्हणून तुम्हांस ठाऊक आहेत, तेहि त्याच कोऱ्या कागदापुढें बसून आले आहेत. आकाशांतील मोर सोडा, दाराशीं आहे तें पाहा. तुमची आजी जात्यावर कोणतें गाणें म्हणत असे, तुमच्या गांवची नदी उन्हाळ्यांत कशी दिसते, सुटींत वडिलांबरोबर बाजारास गेलां तेव्हां त्यांनीं काय घेतलें आणि काय घ्यावयाचें टाळलें, हें लिहा. शब्द चुकला तर खोडा, पुन्हां लिहा, मोठ्यानें वाचा, पुन्हां खोडा. असें करतां करतां एखादे दिवशीं एक वाक्य असें उतरेल कीं, आपण पाहिलें होतें तें नेमकें हेंच, अशी खूण तुमच्या मनाला पटेल. त्या क्षणीं जो हर्ष होतो, तो बक्षिसानें होत नाहीं आणि पैशानें विकत मिळत नाहीं.

शुभवर्तमानांतील तालंतांचा दाखला आपण सर्वांनीं ऐकलेला आहे. धन्यानें चाकरास रागें भरलें, तें त्याच्याजवळ थोडें होतें म्हणून नव्हे. तें थोडें त्यानें जमिनींत पुरून ठेविलें म्हणून. आपल्यापैकीं प्रत्येकाजवळ स्वतःचे दोन डोळे आहेत, स्वतःचें घर आहे, आणि ज्ञानोबा-तुकोबांपासून चालत आलेली मायबोली आहे. एवढें भांडवल पुरे आहे. पुढील वर्षीं अंकासाठीं लेख देतांना पानभरच द्या, भाषा साधी असली तरी चालेल, एखादी चूक राहिली तरी ती आम्ही आनंदानें दुरुस्त करूं. परंतु तें पान तुमचें स्वतःचें असूं द्या.